अँगबँडच्या गावातील आठ दारे

रोगलाइक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांतील भुयाराचे प्रवासवर्णन लिहिणे जवळजवळ अशक्य आहे, कारण तेथील दालने, बोळ आणि जिने यांची मांडणी संगणक प्रत्येक वेळी नव्याने करतो आणि त्यांपैकी अनेक खेळांत प्रवाशाने पुढच्या मजल्यावर पाऊल ठेवताच मागचा मजला कायमचा पुसला जातो. ज्या दालनात काल प्राणावर बेतले होते ते दालन आज कुठेच नसते, त्यामुळे त्याची वाट दुसऱ्याला सांगता येत नाही आणि स्वतःलाही परत धरता येत नाही. या प्रकाराचे नाव १९८० साली तयार झालेल्या 'रोग' या खेळावरून पडले. मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन यांनी तो रचला, पुढे केन अरनॉल्ड त्यांना येऊन मिळाले. दर वेळी वेगळे भुयार, आळीपाळीने चालणारी खेळी आणि एकदा आलेले मरण कायमचे, ही या प्रकाराची तीन मुख्य लक्षणे तेथूनच आली. मूळ 'रोग'मध्ये मात्र दुकान नव्हते आणि गावही नव्हते. जे काही मिळे ते भुयाराच्या जमिनीवर पडलेले मिळे. या नश्वर प्रदेशाच्या माथ्यावर एक गाव वसवले गेले आणि त्या गावात दुकाने उघडली गेली, तेव्हाच या खेळांना खऱ्या अर्थाने भूगोल लाभला, असे म्हणण्यास जागा आहे.

ते गाव पहिल्यांदा 'मोरिया' या खेळात वसले. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट अॅलन कोनेके यांना 'रोग'चा छंद जडलेला होता, परंतु नोकरीतील विभाग बदलला तेव्हा हाती आलेल्या व्हॅक्स संगणकावर तो खेळ उपलब्ध नव्हता, म्हणून १९८१ साली त्यांनी स्वतःचाच खेळ लिहायला घेतला आणि १९८३पर्यंत तो पास्कल या संगणकीय भाषेत पुन्हा लिहून काढला. त्या खेळातील गावात सहा दुकाने होती. जेम्स विल्सन यांनी हा खेळ सी भाषेत आणून युनिक्स संगणकांवर पोहोचवला आणि त्या रूपावर आधारून १९९० साली इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात अॅलेक्स कटलर आणि अँडी अॅस्ट्रँड यांनी 'अँगबँड' उभा केला. हे नाव जे. आर. आर. टॉल्किन यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिल्मरिलियन' या ग्रंथातून घेतलेले असून ते मॉरगॉथ या आद्य खलपुरुषाच्या पाताळी किल्ल्याचे नाव आहे. पुढच्या तीन दशकांत हा खेळ एका सांभाळकर्त्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिला आणि २०१९ साली आलेल्या ४.२ या आवृत्तीत त्याचे बरेच नियम बदलले, पण गावातली आठ दारे टिकली. प्रस्तुत लेखनाचा विषय ती आठ दारे आहेत.

गावाचा नकाशा समजायला सोपा आहे. संपूर्ण गाव संगणकाच्या एका पडद्यात मावते, त्याच्या चारी बाजूंना फोडता न येणारी भिंत असते आणि प्रवासी स्वतः ई-मेलच्या पत्त्यात वापरल्या जाणाऱ्या ॲट चिन्हाने दाखवला जातो. इमारती म्हणजे भरीव चौकोन असून प्रत्येक चौकोनाच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो. हा आकडाच दार. त्यावर पाऊल टाकले की पडदा बदलतो आणि दुकानातील मालाची यादी किमतींसह समोर येते. १ म्हणजे किराणा, २ चिलखते, ३ शस्त्रे, ४ मंदिर (अलीकडच्या आवृत्तीत पुस्तकविक्रेता), ५ किमयागार, ६ जादूची साधने, ७ काळाबाजार आणि ८ म्हणजे प्रवाशाचे स्वतःचे घर. कोणती इमारत कोणत्या कोपऱ्यात येईल हे प्रत्येक नव्या पात्रासाठी नव्याने ठरते, मात्र एकदा ठरले की त्या पात्राच्या मरणापर्यंत बदलत नाही. नव्या आवृत्तीत इमारतींमधल्या मोकळ्या जागेत झाडे आणि लाव्ह्याचे पट्टेही आले आहेत. गावात एकच जिना खाली जातो. त्याची प्रत्येक पायरी, म्हणजे प्रत्येक मजला, ५० फुटांचा धरला जातो. मॉरगॉथचा सेवक सॉरॉन ९९व्या मजल्यावर, ४,९५० फुटांवर वाट अडवून असतो आणि त्याच्या खाली ५,००० फुटांवर मॉरगॉथ बसलेला असतो. गावातील सगळा व्यापार या पाच हजार फुटांच्या भीतीवर चालतो.

गावात दिवस आणि रात्र यांचे चक्र असते. दिवसा सारे गाव एका नजरेत दिसते, रात्री मात्र दिव्याच्या उजेडात येणारी नकाशातील एक-दोन घरेच, म्हणजे चौकटीच, काय त्या दिसतात आणि रस्त्यावरचे लोकही वाढतात. हे लोक मोठे विलक्षण आहेत. गाणे गात झुलणारा दारुडा, दिशाहीन भटकणारा व्यापारी, केविलवाणा भिकारी, खरजुली कुत्री आणि त्यांच्यातच मिसळलेला पाकीटमार यांची गाठ पडते. पाकीटमार स्पर्श करतो, सोने उचलतो आणि क्षणात दुसरीकडे अदृश्य होतो. युद्धात जखमा खाऊन बसलेला एक जुना सैनिक नवख्या पात्राला पहिल्या दुकानाचे दार दिसण्यापूर्वीच यमसदनी पाठवू शकतो. या नागरिकांना मारून अनुभवाचे गुण मिळत नाहीत, त्यामुळे शहाणा प्रवासी त्यांच्या वाटेला जात नाही आणि शक्यतो सोने खर्च करून झाल्यावरच गावात रेंगाळतो, कारण रिकाम्या खिशातून चोराला काही नेता येत नाही.

पहिले दार किराण्याचे. या दुकानात जादूची कोणतीही वस्तू नसते आणि तरीही पाताळात उतरणाऱ्या नवख्याचे अर्धे आयुष्य येथेच विकत मिळते. शिधा, लाकडी मशाली, तेलाचे बुधले, गोफणीचे लोखंडी गुंडे, बाण, फावडी आणि कुदळी हा येथील कायमचा माल असून जुन्या आवृत्त्यांत दारे ठोकून बंद करण्यासाठी लोखंडी मेखाही मिळत. यांपैकी मशालीचा विचार आधी केला पाहिजे. पारंपरिक नियमांनुसार लाकडी मशाल ५,००० फेऱ्या जळते. 'फेरी' म्हणजे पात्राला एक पाऊल टाकायला किंवा एक वार करायला लागणारा काळ. ती विझली की आजूबाजूचा राक्षस दिसत नाही हा झाला लहान तोटा. मोठा तोटा असा की अंधारात कोणतीही गुंडाळी वाचता येत नाही, आणि या खेळात सुटकेचे बहुतेक मार्ग गुंडाळीवर लिहिलेल्या मंत्रांच्या रूपातच असतात. म्हणजे मशाल ही डोळ्यांची सोय नसून पळून जाण्याच्या हक्काची किंमत आहे. याला अपवाद एकच, ४.२ आवृत्तीतील मृतविद्येचा साधक, ज्याची विद्या अंधारातच फुलते आणि जो म्हणूनच या दुकानातून मशालीशिवाय बाहेर पडतो.

तेलाचा बुधला हे या गावातील सर्वांत कमी लेखले जाणारे आणि सर्वांत मोलाचे हत्यार आहे. मुळात तो कंदिलात घालण्यासाठी विकला जातो, परंतु हाताने फेकला तर फुटून पेट घेतो आणि सहा बाजूंचे दोन फासे टाकून जितकी बेरीज येईल तितकी इजा करतो. सरासरी काढली तर ती ७ येते. त्याच वेळी नवख्याच्या हातातील कट्यार चार बाजूंच्या एकाच फाशाची, म्हणजे सरासरी अडीचची इजा करते, आणि तीही शत्रूच्या दाढेत जाऊन. मग काही नाण्यांत मिळणारे वीस-पंचवीस बुधले घेऊन उतरलेला दुबळा जादूगारही पहिल्या मजल्यांवर बलाढ्य योद्ध्याइतका घातक का ठरतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेतकरी मॅगटची ग्रिप आणि फँग ही दोन कुत्री या हिशेबाचा पुरावा म्हणून पुरेशी आहेत. त्यांचा वेग नवख्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने त्यांच्यापासून पळणे हा पर्यायच नसतो, आणि ती अंगावर येईपर्यंत जे दोन-तीन क्षण हाती असतात त्यांत तेल फेकणे याहून चांगला उपाय पहिल्या दिवशी कोणाकडेही नसतो. जोडीला गोफण घेतली, जी गुंड्याची इजा दुप्पट करते आणि कोणत्याही पेशाच्या पात्राला परवडते, तर पहिल्या उतरणीची तयारी बरीचशी पुरी होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दाराशी फार थांबण्याचे कारण नाही. चिलखतांच्या दुकानात चामड्याचे जोडे, टोप आणि ढाली मिळतात, शस्त्रांच्या दुकानात तलवारी, भाले, धनुष्ये. नवखा येथे सगळे सोने उधळतो आणि बहुधा त्यामुळेच मरतो. जाणत्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. पहिली अशी की एका फेरीत किती वार बसतील हे शस्त्राचे वजन आणि पात्राची ताकद व चापल्य यांवर ठरते, त्यामुळे हलकी कट्यार कित्येकदा जड तलवारीला मागे टाकते. दुसरी अशी की जादूगाराने हातमोजे घातले तर त्याची मंत्रशक्ती घटते, आणि जड चिलखताचाही तोच परिणाम होतो. चांगले चिलखत आणि चांगली तलवार भुयारात पडलेली सापडते. ती विकत घेण्यात धन घालवणे हे विहिरीकाठी राहून पाणी विकत घेण्यासारखे आहे.

चौथ्या दाराचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वी येथे मंदिर होते. पुजाऱ्याच्या पेशाच्या पात्रांसाठी प्रार्थनेची पुस्तके, जखमा भरणारी औषधे आणि गदा-हातोड्यांसारखी बोथट हत्यारे येथे मिळत, कारण जुन्या नियमांनुसार पुजाऱ्याला धारदार शस्त्र वापरल्याचा दंड पडत असे. पुढे तो नियम गेला, मंदिरही गेले आणि त्या जागी सर्व विद्यांची पुस्तके ठेवणारा पुस्तकविक्रेता आला. मंत्र टाकण्यासाठी पुस्तक जवळ असावेच लागते आणि आगीच्या एका फुत्काराने ते जळून जाऊ शकते, म्हणून अनुभवी जादूगार त्याच पुस्तकाच्या दोन प्रती घेतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती विकत घेणारे गिऱ्हाईक कोणत्याही पुस्तकविक्रेत्याला आवडावे. येथे ते रोज येते.

पाचव्या दाराशी, किमयागाराकडे, मात्र प्रत्येक प्रवाशाने वेळ काढला पाहिजे. येथे दोन प्रकारचा माल असतो. कुपीत भरलेली औषधे प्यायची असतात आणि गुंडाळ्या वाचायच्या असतात. या साध्या फरकातच खेळाचा सारा डावपेच दडलेला आहे. गुंडाळी वाचायला डोळे लागतात, उजेड लागतो आणि शुद्ध बुद्धी लागते. आंधळा झालेला किंवा भ्रमात सापडलेला प्रवासी ती वाचू शकत नाही. कुपी मात्र आंधळ्यालाही पिता येते आणि भ्रमिष्टालाही. किरकोळ जखमांवरच्या कुपीने थोडी प्रकृती सुधारते, परंतु तिचा खरा गुण असा की तिने गेलेली दृष्टी परत येते. गंभीर जखमांवरची कुपी दृष्टीबरोबर भ्रमही घालवते. म्हणजे पिशवीतील कुपी ही गुंडाळीच्या कुलपाची किल्ली आहे. राक्षसाने डोळ्यांत धूळ फेकली की आधी कुपी प्यायची, मग गुंडाळी वाचायची आणि मग जिवंत राहायचे. या साखळीतील एक कडी दुकानात विसरली तर उरलेल्या कड्या निरुपयोगी ठरतात, आणि ते नेमके अशाच क्षणी कळते जेव्हा गाव हजार फूट वर असते.

गुंडाळ्यांत दोन अशा आहेत ज्यांच्यावाचून कोणीही उतरू नये. एक 'फेज डोअर', जी वाचणाऱ्याला साधारण दहा घरांच्या अंतरात कुठेतरी फेकते. ती संकट टाळत नाही, संकटापासून चार पावलांची उसंत देते, आणि धनुर्धराला किंवा तेल फेकणाऱ्याला ती चार पावले पुरतात. दुसरी 'वर्ड ऑफ रिकॉल', म्हणजे परतीचा शब्द. ती वाचली की लगेच काही होत नाही. साधारण १५ ते ३५ फेऱ्या जातात आणि मग प्रवासी भुयारातून उचलला जाऊन गावात येतो, किंवा गावात वाचली असेल तर आजवर गाठलेल्या सर्वांत खोल मजल्यावर जाऊन पडतो. पुन्हा वाचली तर आधीचे वाचन रद्द होते, हा बारकावा घाबरलेल्या प्रवाशाच्या लक्षात राहत नाही. हा विलंब मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो या खेळातील सर्वांत शहाणा नियम मानावा लागतो, कारण त्यामुळे परतीचा शब्द पळवाट न होता नियोजन होतो. संकट दिसल्यावर तो वाचून उपयोग नाही, संकट येण्याआधी वाचावा लागतो. त्याची किंमत नवख्याला जड वाटते, तरी तो न घेता पायी उतरणाऱ्याला पायीच परत चढावे लागते, आणि मागे सोडलेले मजले पुसले गेले असल्याने परतीची प्रत्येक पायरीही परकीच असते.

एवढे सारे घेतल्यावरही पिशवी सुरक्षित राहते असे नाही. आगीने गुंडाळ्या जळतात आणि थंडीच्या फुत्काराने कुपी तडकतात. म्हणून किमयागाराकडे वस्तू गरजेपुरती न घेता जळून-फुटून उरेल इतकी घ्यावी लागते. परंतु वजनाला मर्यादा असते. ताकदीप्रमाणे ठरलेल्या मर्यादेपेक्षा प्रत्येक दहा पौंड जास्त झाले की वेग एका अंकाने घसरतो, आणि मंदावलेल्या प्रवाशाच्या एका पावलात राक्षसाची दोन पडू लागली की जास्तीच्या सामानाचा उपयोग फक्त त्याच्या मारेकऱ्यांना होतो. खरेदीची खरी कला या दोन भीतींच्या मधल्या अरुंद जागेत आहे.

सहाव्या दुकानात जादूची साधने तीन जातींची असतात, आणि त्यांतील फरक ओळखला की काम भागते. छडी एका लक्ष्यावर रोखायची असते आणि तिच्यात ठराविक भार भरलेला असतो. दंड आजूबाजूच्या साऱ्या परिसरावर काम करतो. सळई एकदा वापरली की काही काळ थंड बसते आणि पुन्हा आपोआप तयार होते. जादूच्या बाणाची छडी हे दुबळ्या पात्राचे आवडते साधन आहे. दूरवर नेऊन टाकणारा दंड मात्र मिळाला तर तो इतर सगळ्यांआधी घ्यावा, कारण दहा घरांची उसंत जेथे पुरत नाही तेथे मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जाणेच शहाणपणाचे असते.

सातव्या दाराचा स्वभाव वेगळा आहे. काळाबाजार इतर दुकानांत मिळणारा माल ठेवत नाही, असा खेळाचाच नियम आहे. येथे येते ते बाकी गावात जे मिळत नाही ते, आणि त्याची किंमत ऐकून प्रवासी दारातूनच परत फिरतो. वेगाची कुपी हे त्याचे उत्तम उदाहरण. ती प्यायल्यावर वेग दहा अंकांनी वाढतो, म्हणजे सामान्य पात्र शत्रूच्या एका पावलात दोन पावले टाकते. पहिल्या मजल्यावरच्या नवख्याला ही कुपी परवडत नाही आणि तिचे मोलही कळत नाही. ज्याला तिचे मोल कळते तो बहुधा तिच्यासाठीच सोने साठवत असतो. दुकानांतील माल भुयारातील काळानुसार बदलतो, गावात उभे राहून वाट पाहिल्याने नवा माल येत नाही. म्हणून काळ्याबाजारात काही हवे असेल तर खाली उतरून जीव धोक्यात घालून परत यावे लागते, आणि त्या वेळी आणलेले सोने पुरेसे असावे लागते.

आठवे दार घराचे आहे. येथे विक्रेता नाही, किंमत नाही, चोर नाही. जी वस्तू आज उपयोगाची नाही पण टाकवतही नाही ती येथे ठेवता येते. आगीपासून बचाव देणारी अंगठी, पुढच्या टप्प्यासाठी जपलेल्या औषधाच्या कुपी, पुस्तकाची तिसरी प्रत, असे बरेच काही येथे साठते. एखाद्या प्रवाशाचे घर पाहिले तर त्याला कशाची भीती वाटते हे कळते, आणि त्याने कोणती भीती विसरलेली आहे हेही.

खरेदी-विक्रीच्या रीतींनी या गावाचा स्वभाव सर्वांत जास्त बदलला आहे. 'मोरिया'त आणि 'अँगबँड'च्या आरंभीच्या आवृत्त्यांत घासाघीस खरोखर करावी लागे. दुकानदार एक किंमत सांगे, गिऱ्हाईक आकडा टाईप करून आपली किंमत सांगे, आणि आकडा फारच खालचा असला तर दुकानदार अपमान झाल्याचे सांगून गिऱ्हाइकाला बाहेर काढे व काही काळ दुकान बंद ठेवी. दुकानदार कोणत्या जमातीचा आणि पात्र कोणत्या जमातीचे यावर भाव बदलत; एल्फ आणि बुटका यांचे पटत नसे ते किमतीतही दिसे. त्यात करिष्मा नावाचा गुणही होता, जो जास्त असल्यास भाव उतरत. काही वेळा नीट सौदा झालेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार पुढे घासाघीस न करता थेट अंतिम किंमत सांगे, ही त्या जुन्या गावातील ओळखीची किंमत होती. प्रामाणिक एरिक, कुरकुऱ्या मॉग्लिन, किमयागार मॉसर, मनमिळाऊ बिल्बो ही दुकानदारांची नावे जुन्या खेळाडूंच्या तोंडी आजही असतात. प्रत्येक दुकानदाराच्या थैलीत ठराविकच पैसा असे, त्यामुळे अमूल्य तलवार आणली तरी तो त्याच्या थैलीच्या मर्यादेइतकेच देई. पुढे घासाघीस काढून टाकण्यात आली, करिष्माही गेला. जे गेले ते कंटाळवाणे होते यात वाद नाही, पण त्याबरोबर दुकानदार माणूस होता हेही थोडेसे गेले.

याहून मोठा बदल विक्रीचा. पूर्वी भुयारात सापडलेली प्रत्येक वस्तू विकून सोने मिळे, आणि परिणामी प्रवासी हमाल झाला होता. तो साहस सोडून जड चिलखते पाठीवर घेऊन पुन्हा पुन्हा गावात येई. अलीकडच्या आवृत्त्यांतील नेहमीच्या नियमानुसार दुकानदार वस्तू स्वीकारतो आणि ती काय आहे हे ओळखून सांगतो, परंतु तिच्याबद्दल एकही नाणे देत नाही. त्याऐवजी भुयारात पडलेल्या सोन्याचे प्रमाण वाढवण्यात आले. हा बदल व्यापाराच्या दृष्टीने विचित्र वाटला तरी प्रवासाच्या दृष्टीने योग्यच ठरला, कारण त्यामुळे प्रवासी पुन्हा हलक्या पाठीने उतरू लागला आणि दुकान हे माल विकण्याचे ठिकाण न राहता केवळ तयारीचे ठिकाण राहिले. ज्यांना हे गावही नको असते असे काही खेळाडू दुकाने बंद ठेवून खेळतात आणि जमिनीवर जे मिळेल त्यावरच शेवटपर्यंत जातात, त्यांचा मार्ग वेगळा.

इतर रोगलाइक खेळांनी दुकानाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. १९८७ साली आलेल्या 'नेटहॅक'मध्ये गाव वर नसून दुकानेच भुयारात विखुरलेली आहेत. कुदळ घेऊन आलेल्याला दुकानदार आत घेत नाही, कारण तो खणून माल पळवेल; पाळीव कुत्रा मात्र माल तोंडात धरून बाहेर आणू शकतो आणि दुकानदार ते पाहून न पाहिल्यासारखे करतो. त्यातील खाणींच्या गावात दिव्यांचे दुकान चालवणाऱ्याचे नाव इझचाक आहे. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या इझचाक मिलर यांच्या स्मरणार्थ ते ठेवले आहे. 'मोरिया' आणि 'अँगबँड' यांच्यातील गाव मात्र १९९६च्या अखेरीस आलेल्या 'डायब्लो'त पोहोचले आणि तेथे त्याला ट्रिस्ट्रम असे नाव, लोहार ग्रिसवोल्ड, वैद्य पेपिन आणि खिन्न संगीत लाभले. या दोन खेळांचे ऋण त्याचे निर्माते डेव्हिड ब्रेविक यांनी जाहीरपणे मानले आहे. तेथे गाव सुंदर झाले. अँगबँडचे गाव मात्र अजूनही आठ आकड्यांचे आहे आणि ते तसेच असावे असे वाटते, कारण आकड्यावर उभे राहिल्यावर फक्त काय घ्यायचे याचाच विचार उरतो.

तेव्हा पहिल्यांदा या गावात येणाऱ्याने पहिल्या दारातून मशाली, शिधा आणि तेलाचे बुधले घ्यावेत, पाचव्या दारातून किरकोळ जखमांच्या तीन-चार कुपी, फेज डोअरच्या पाच-सहा गुंडाळ्या आणि पैसे उरल्यास परतीचा एक शब्द घ्यावा, तिसऱ्या दारातून फार तर गोफण, आणि बाकीच्या दारांकडे पाहूही नये. हे पात्र मेले की, आणि ते बहुधा मरतेच, पुढच्या पात्रासाठी गावातील इमारती नव्या जागी उभ्या राहतात. एरिकच्या जागी बिल्बो आलेला असू शकतो. १ या आकड्याच्या दारात मात्र तेलाचे बुधले पूर्वीसारखेच विकत मिळतात.